वेतोबाच्या वाटेवर हेडफोन : गोष्ट गावाची, मग हक्क कोणाचा?

वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीत वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या फिरण्यानं चपला झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. रात्रीची फेरी आपल्याला नवी नाही. नवे आहेत ते हेडफोन.

‘ऑडिओ वॉक’ हा प्रकार परदेशात चांगलाच रुजलाय. फोनवर ध्वनिफीत लावायची आणि ठरलेल्या वाटेनं चालायचं. जीपीएस असेल तर ठरावीक जागी पोचताच पुढचा आवाज आपोआप सुरू होतो. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ यांनी १९९१ मध्ये जंगलवाटेसाठी असा वॉक केला. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावर एम. आर. जेम्स यांनी भुताच्या कथा रचल्या होत्या. तिथल्याच पायपिटीवर मार्क फिशर आणि जस्टिन बार्टन यांनी २०१३ मध्ये ध्वनिनिबंध केला. त्यात जुनी भीती आहे, तसं आजचं कंटेनर बंदरही आहे.

हे लोण कोकणात यायला वेळ लागणार नाही, कारण मागणी तयारच आहे. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ गाजली आणि आकेरीतला वाडा बघायला गाड्यांची रांग लागली. त्याच मालिकेनं कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, अशी ओरडही झाली. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ चालला, ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित होऊन गर्दी खेचून गेला. कोकणातलं भय विकलं जातं, हे बाजाराला कळून चुकलंय.

प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडच्या भयकथा नुसत्या करमणुकीच्या नाहीत, त्यांच्या पोटात नियम असतो. देवराईतलं लाकूड तोडायचं नाही, राखणदाराच्या जागेत घाण करायची नाही, ‘रातचो थंय जाव नको’. या धाकानं झरे टिकले, जुनी झाडं टिकली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचं महत्त्व १९७० च्या दशकातच मांडलं होतं. गोष्ट उचलली आणि नियम मागे ठेवला, तर उरतो फक्त थरार. मग ज्या राईत गावकरी चप्पल काढून जातो, तिथं पर्यटक रात्री अकराला बॅटऱ्या मारत फिरणार.

दुसरा मुद्दा पैशाचा. कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे जातो. लोककथेला नाव असलेला लेखक नसतो. म्हणजे आजीनं ओटीवर बसून सांगितलेली गोष्ट शहरातली कंपनी विकणार आणि आजीच्या गावाला कचरा उचलायचं काम, असं होऊ शकतं.

म्हणून आधी ग्रामसभेत बसून काही गोष्टी लेखी ठरायला हव्यात. कोणती गोष्ट सांगायची, कोणती गावातच ठेवायची, हे मानकरी आणि गावकरी ठरवतील. सांगणाऱ्याला मानधन आणि विक्रीतला वाटा मिळेल. वाट राईच्या कडेनं जाईल, आत नाही. फेरी दिवेलागणीपूर्वी संपेल. निवेदन मालवणीत हवं, आणि राखणदाराचा नियम गोष्टीतच सांगितला जावा. घाटाखालच्या वाड्यांत रेंजची बोंब, त्यामुळे फीत आधीच डाउनलोड व्हायला हवी. पाणंदीत साप आणि मोटरसायकल दोन्ही असतात. एक कान मोकळा ठेवा, हे सुरुवातीलाच बजावावं.

कायद्याची चौकटही आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गोष्ट सांगण्यावर बंदी नाही, पण चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं गुन्हा आहे. तिकडे सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ‘ओरण’ म्हणजे देवरायांच्या प्रकरणात नोंदणी आणि संरक्षणाचे आदेश दिले, देशपातळीवर धोरण आखण्याचीही सूचना केली. आपल्या ग्रामपंचायतींनी लोक जैवविविधता नोंदवहीत देवराईबरोबर तिच्या गोष्टींचीही नोंद केली, तर उद्या हक्क सांगायला हातात कागद राहील.

ऑडिओ वॉकला विरोध करायचं कारण नाही. गावातल्या पोरांना त्यातून रोजगार मिळेल, म्हाताऱ्यांचा आवाज जपला जाईल. पण वेतोबा फिरतो तो गावाची राखण करायला. त्याच्या वाटेवर पैसे घेऊन माणसं फिरवायची, तर राखणीची जबाबदारीही त्यांनी उचलायला हवी.