घर रिराइट करू नका

हापिसात जेवणाच्या टेबलावर सध्या एकच प्रश्न फिरतोय. "बुकिंग केलंस का?" लग्न ठरलेल्या प्रत्येक इंजिनिअरला तो विचारला जातो. उत्तर "नाही, आहे त्याच घराचं काम काढतोय" असं आलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती पसरते. जणू बिचाऱ्याचं ऑनसाइट हुकलंय!

मला या सहानुभूतीचा भयंकर राग येतो, म्हणून या वीकांताला हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांत आईबाबांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात घेतलेलं घर असेल आणि इमारत धड असेल, तर ते सोडून पुनावळे किंवा वाघोलीला कर्ज काढून फ्लॅट घेणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो. आणि तो हिशेब न करता केलेला असतो. सहाशे रुपयांचा माउस घेताना चार साइट्स धुंडाळणारी मंडळी एक कोटीचा फ्लॅट एका रविवारी सॅम्पल फ्लॅट बघून बुक करतात!

तर आधी हिशेब. बांधकाम चालू असलेला एक कोटीचा फ्लॅट धरा. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के (फ्लॅट बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). वर जीएसटी ५ टक्के. म्हणजे १२ लाख रुपये गेले, आणि त्यात एक वीटसुद्धा आली नाही. नोंदणी फी, सोसायटीचे सुरुवातीचे पैसे, पार्किंग हे वेगळंच. ८० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंत, तर हप्ता बसतो साधारण ६९,४०० रुपये. वीस वर्षांत नुसतं व्याज ८६ लाखांच्या वर जातं. कर्जापेक्षा व्याज जास्त! जुनं घर विकून नवं घेतलंत तर कर्ज कमी लागेल, कबूल. पण ते १२ लाख तरीही जातातच.

"पण टॅक्स वाचतो ना!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू. जुन्या करप्रणालीत खरेदीच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते आणि दुरुस्तीच्या कर्जाला फक्त ३० हजार, हे खरं आहे. सरकारचाही कल नव्याकडेच. पण २०२३-२४ पासून नवी करप्रणाली डिफॉल्ट झाली आहे आणि तिच्यात स्वतः राहत्या घराच्या व्याजाला दोन्हीपैकी एकही वजावट नाही. आपली प्रणाली कुठली हे न बघता टॅक्ससाठी फ्लॅट घेणाऱ्यांना काय म्हणावं?

आता त्या १२ लाखांत जुन्या घराचं काय होतं ते बघा. आमचं घर १९८९ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ७०० फूट कार्पेट. गेल्या वर्षी काम काढलं. गंजलेल्या जीआय पाइपांच्या जागी सीपीव्हीसी, दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि फरशी, नवं वायरिंग, नीट अर्थिंग, एमसीबी, कडप्प्याच्या ओट्याच्या जागी ग्रॅनाइट, खिडक्या, रंग. राडारोडा उचलण्यासकट ११ लाख लागले. तीन महिने घरभर धूळ, मिस्त्रीचे "उद्या येतो साहेब" हे फोन, आणि आईचा रोजचा प्रश्न, "अरे, पाणी कधी चालू होणार?" त्रास झाला, नाही म्हणत नाही. पण तो तीन महिन्यांत संपला. हप्ता वीस वर्षं चालतो.

माझ्या मते इथे कसोटी एकच आहे. तुम्हाला खुपणारी गोष्ट घराच्या भिंतींच्या आत आहे की बाहेर? आतलं जवळपास सगळं पैशाने दुरुस्त होतं. ओल, जुनाट स्वयंपाकघर, एसी लावला की उडणारा फ्यूज, सगळं. बाहेरचं मात्र तुम्ही विकत घेता तेव्हा आहे तसं गळ्यात पडतं. कंपनीपर्यंतचे दोन तास, टँकरवर चालणारी सोसायटी, भाजी आणायलाही गाडी काढावी लागणं, हे कुठला इंटिरियरवाला बदलून देणार? जुन्या घराचे दुरुस्त होणारे दोष आपल्याला सहन होत नाहीत, आणि नव्याचे दुरुस्त न होणारे दोष आपण क्लबहाउस बघून माफ करतो. त्या स्विमिंग पूलमध्ये वर्षातून किती वेळा उतरता, खरं सांगा :)

हीच कसोटी उलटीही चालते. इमारतीचे कॉलम तडकलेत, स्लॅबच्या सळ्या दिसतायत, तर आत ग्रॅनाइट लावून उपयोग नाही. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. किती सोसायट्या करतात? आधी ते करून घ्या. रिपोर्ट वाईट आला तर बिनदिक्कत हला. घरात माणसं वाढली आणि खोल्या तेवढ्याच राहिल्या, हेही खरं कारण आहे. पण त्यासाठी शेजारच्या गल्लीत वन बीएचके भाड्याने घेता येतो. भाडं त्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतं आणि आईबाबा हाकेच्या अंतरावर राहतात. लिफ्ट नाही म्हणता? जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट बसवता येते. सोसायटीची मीटिंग घेण्याची आणि परवानगीसाठी खेटे घालण्याची तयारी हवी.

सगळ्यात मोठा आक्षेप रिडेव्हलपमेंटचा. "बिल्डर येणारच आहे, पैसे कशाला घालवायचे?" २०१९ च्या शासन निर्णयाने संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली, तेव्हापासून प्रत्येक सोसायटीत हे ऐकू येतं. पण ५१ टक्के जमले तरी पार्किंग आणि जादा फुटांवरून होणारी भांडणं काही निर्णयाने मिटत नाहीत. गळक्या संडासाखाली बादली ठेवून सात-सात वर्षं बिल्डरची वाट बघणारी घरं मी पाहिली आहेत. ती सात वर्षं तुमच्या आईबाबांच्या साठीनंतरची असतात, हे लक्षात घ्या. बोलणी चालू असतील तर फॉल्स सीलिंग आणि इटालियन मार्बल टाळा. पाणी, वीज आणि ओल यांवरचा खर्च मात्र टाळू नका.

आपल्या धंद्यातलं एक उदाहरण आठवतं. जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपवर लेख लिहिला होता. ब्राउझरचा कोड नव्याने लिहायला घेणं ही त्यांची घोडचूक होती, असं त्याचं म्हणणं. जुना कोड कुरूप दिसतो, कारण त्यात वर्षानुवर्षांचे बग फिक्स साठलेले असतात. आपण सगळे हा लेख मॅनेजरच्या तोंडावर फेकतो. जुन्या घराचंही तेच आहे. पाणी किती वाजता येतं, पावसात कुठली भिंत ओलावते, रात्री दोनला कुठला डॉक्टर दार उघडतो, हे सगळं तीस वर्षांत डीबग झालेलं असतं. फरक इतकाच की कोडला गंज लागत नाही, घराला लागतो. म्हणून तर रिफॅक्टरिंग वेळेवर करायचं.

तेव्हा टोकन देण्याआधी तीन कामं करा. इमारतीचा ऑडिट रिपोर्ट मागा, दोन-तीन ठेकेदारांकडून घराचं कोटेशन घ्या, आणि त्या नव्या फ्लॅटपासून हापिसापर्यंत सोमवारी सकाळी नऊला एकदा स्वतः गाडी चालवून बघा. यानंतरही नवाच हवा असेल तर खुशाल घ्या, पेढे खायला येईनच. फक्त आहे त्या घराचं काम काढणाऱ्याकडे बघून चुकचुकू नका.