लोकप्रशासनातून ‘लोक’ वजा!

पहाटेच्या मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये वाशिंद स्थानकावर चढणाऱ्या गर्दीत स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके सांभाळणारे दोन-चार तरुण हमखास दिसतात. त्यांपैकी एखाद्या पुस्तकावर ‘लोकप्रशासन’ असे ठळक छापलेले असते. मॅक्स वेबरच्या नोकरशाहीविषयक सिद्धान्तापासून राज्यपालांच्या अधिकारांपर्यंत सारे काही त्यात सापडते. मात्र आपल्या ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कसा वाचावा, अनुसूचित क्षेत्रात मोडणाऱ्या शहापूर तालुक्यातील ग्रामसभेला कोणते विशेष अधिकार आहेत, हे त्यांपैकी किती जणांना सांगता येईल? दोष त्या तरुणांचा नाही. हा विषय आपल्या विद्यापीठांत ज्या वाटेने गेला, त्या वाटेचा आहे.

आरंभ मात्र मोठा आशादायी होता. स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत नागपूर विद्यापीठाने या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. देशातील अशा विभागांत तो पहिला मानला जातो. त्याचे नाव नुसते ‘लोकप्रशासन’ नव्हते, ‘लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य’ असे होते, आणि ही जोडणी सहज झालेली नव्हती. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी होते. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तेथे जनपद सभांची योजना सुरू झाली होती. तहसील हा घटक धरून लोकनियुक्त सभेच्या हाती स्थानिक कारभार सोपवण्याचा तो धाडसी प्रयोग होता. बलवंतराय मेहता समिती त्यानंतर नऊ वर्षांनी आली, हे ध्यानात घेतले म्हणजे नागपूरचे वेगळेपण कळते. कारभाराचा प्रयोग आणि त्याचा अभ्यास एकाच गावात, एकाच वेळी चालू होते.

त्यापूर्वीची परंपरा कोणती होती? १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, १८०६ मध्ये इंग्लंडात कंपनीचे कॉलेज निघाले. तेच पुढे हेलिबरी म्हणून प्रसिद्ध झाले. एतद्देशीयांच्या भाषा आणि कायदे तेथे कसोशीने शिकवले जात, पण ते राज्य करणाऱ्याला. ज्याच्यावर राज्य करायचे, तो या शिक्षणात केवळ अभ्यासाचा पदार्थ होता. त्याहून शतकभर आधीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. कारभाराचा विचार रयतेच्या परसातून सुरू करण्याची ही दृष्टी आपली होती. ती कोणा परकीय विद्यापीठातून आणावी लागली नाही. नागपूरच्या विभागाला तिच्याशी नाते जोडण्याची संधी होती.

ती हळूहळू हातची गेली. १९५३ मध्ये पॉल ॲपलबी या अमेरिकी तज्ज्ञाचा अहवाल आला, १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली, १९५९ मध्ये मसुरीची अकादमी आली. राज्य पुनर्रचनेत १९५६ साली नागपूरची राजधानी गेली. मुंबईत १९६३ साली सुरू झालेले प्रशासकीय अधिकारी महाविद्यालय १९८४ मध्ये पुण्याला हलले आणि १९९० मध्ये त्याचे ‘यशदा’ झाले. या संस्थांचे कार्य मोठे आहे, ‘यशदा’ने सरपंच-सदस्यांनाही प्रशिक्षण दिले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु अधिकाऱ्याला प्रत्यक्ष कारभार शिकवण्याचे काम सरकारी अकादमीकडे गेले, विद्यापीठाकडे उरली ती सिद्धान्तांची टिपणे. आणि नागरिकाला काही शिकवायचे असते, याचा विसर दोघांनाही पडला.

पुढचा घाव परीक्षेने घातला. १९८७ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय केला आणि ज्ञानशाखेचा गुण मिळवून देणारा माल झाला. मार्गदर्शिका निघाल्या, शिकवणीवर्ग निघाले. २०१३ मध्ये वैकल्पिक विषयांची संख्या दोनवरून एकवर आली आणि ओढा ओसरला. भाव पडलेल्या पिकासारखी ही गत! त्याच १९८७ साली ठाणे महापालिकेने चिंतामणराव देशमुखांच्या नावाने प्रशासकीय प्रशिक्षण संस्था काढली. मराठी मुले सनदी सेवेत जावीत ही त्यामागील तळमळ निःसंशय वंदनीय आहे. पण जे निवडले जात नाहीत, ते हजारो तरुण परत गावीच येतात. त्यांनी वाचलेल्या लोकप्रशासनाचा गावाला उपयोग काय?

शहापूर-मुरबाडला तो उपयोग हवा आहे, आणि आजच हवा आहे. तानसा, मोडक सागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात. पाण्याचे वाटप कोण ठरवतो, कोणत्या कायद्याने, कोणत्या टेबलावर, याहून मोठा लोकप्रशासनाचा धडा कोणता? पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ चे. मध्ये गेली अठरा वर्षे. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा २०२५ मध्ये याच तालुक्यातून खुला झाला. त्यासाठीच्या भूसंपादनाच्या नोटिसा किती घरांत नीट वाचल्या गेल्या असतील? वाशिंदची वस्ती शहराची झाली, कारभार ग्रामपंचायतीचा राहिला. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले. पाटी बदलली, पाटीखाली बसणाऱ्याला प्रश्न विचारणारा मात्र अजून तयार व्हायचा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाला श्रेयांक दिले आहेत. मुंबई विद्यापीठाने त्यातील काही श्रेयांक शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांत ग्रामपंचायतीच्या अभ्यासासाठी राखावेत. विद्यार्थ्याने एका पाड्याच्या नळयोजनेची फाईल आरंभापासून तपासावी, मराठीत टिपण लिहावे आणि ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून वाचावे. गुण प्राध्यापकांनी द्यावेत. उत्तर सरपंचांनी द्यावे.