पुरलेलीं दप्तरें

कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील बेने-इस्राएल मंडळींस पूर्वीं 'शनवार तेली' म्हणत. शनिवारीं ते तेलाचा घाणा बंद ठेवीत. पूर्वज नौगांवच्या किनाऱ्यास जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा आहे. त्या बंद घाण्यापायीं कोंकणांत त्यांचा कोणीं छळ केला नाहीं. म्हणूनच त्यांच्या युरोपांतील धर्मबांधवांवर काय ओढवलें, हें आपणां कोंकणवासीयांस सहजीं उमगत नाहीं. 'हे लोक मुकाट्यानें मरणास गेले कसे?' असें सुशिक्षितही विचारतात. घरीं बसून विचारणें सोपें आहे!

वॉर्सा शहरांत जर्मनांनीं नोव्हेंबर १९४० मध्यें भिंतीआड चार लाखांवर यहुदी कोंडले. शाळांवर बंदी आली, तरी घरोघर गुप्त वर्ग चालले. इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकारानें सहकाऱ्यांसह तेथील नित्याचें जीवन टिपून ठेवण्याचा उद्योग आरंभिला. पत्रें, शिधापत्रिका, गोळ्यांचे कागद, मुलांचे निबंध, सारें जमविलें. शाळकरी निबंध वर्षअखेर वाण्याच्या पुड्यांस जातात, हें आम्हां मास्तरांस पक्कें ठाऊक. तेथें ते प्राणमोलानें जपले गेले.

जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत सुमारें अडीच लाखांवर माणसें ट्रेब्लिंका येथें नेऊन मारण्यांत आलीं. त्याच धामधुमींत, ऑगस्टच्या आरंभीं, इस्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकानें आपल्या दोन तरुण शिष्यांकरवीं कागदपत्रांचे दहा पत्र्याचे डबे एका शाळेच्या तळघरांत पुरले. त्याची पत्नी चित्रकार. तिचीं चित्रेंही त्यांत होतीं. सोबतच्या मृत्युपत्रांत त्यानें स्वतःसाठीं स्तुति मागितली नाहीं. वीस महिन्यांच्या आपल्या मुलीचें स्मरण राहावें, असें मागितलें. मुलीचें नांव मार्गालिट.

शस्त्रही उचललें गेलें. १९ एप्रिल १९४३ रोजीं, वल्हांडण सणाच्या पूर्वसंध्येस, मोर्देखाय अनिएलेविच या चोविशींतील तरुणाच्या नेतृत्वाखालीं कांहीं शें तरुण-तरुणी पिस्तुलें व हातबाँब घेऊन फौजेशीं भिडले. सुमारें चार आठवडे झुंज चालली. १६ मे रोजीं शत्रूनें तेथील मोठें प्रार्थनामंदिर सुरुंगानें उडविलें. परंतु ज्यानें बंदुकीऐवजीं कुदळ घेतली, त्यास भ्याड कसें म्हणावें?

रिंगेलब्लूम मार्च १९४४ मध्यें मारला गेला. हर्श वासर हा सहकारी वांचला व त्यानें जागा दाखविली, म्हणून सप्टेंबर १९४६ मध्यें ते डबे हातीं आले; आंत पाणी शिरलें होतें. दुसरा साठा दुधाच्या बरण्यांत डिसेंबर १९५० मध्यें मिळाला. तिसरा अद्याप सांपडलेला नाहीं.