बेणे बुडवा, मग लावा



शीर्षक वाचून कोणी दचकू नये. सोसायटीचे कर्ज बुडवा असे आम्ही सांगत नाही. उसाचे बेणे औषधाच्या पाण्यात बुडवा, एवढेच म्हणतो.

सुरू लागण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी. नेमक्या याच दिवसांत निफाड-दिंडोरीकडे थंडी हाडात शिरते, द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. थंड मुलखातल्या पाईनच्या कित्येक जातींचे बी पेरण्याआधी ओल्या वाळूत गारव्यात ठेवतात, तेव्हा ते जागे होते. आपल्या उसाच्या डोळ्याचे उलटे. त्याला ऊब पाहिजे. गारठ्यात तो उगवायला वेळ लावतो आणि तेवढ्यात कापलेल्या टोकांतून जमिनीतली बुरशी टिपरीत शिरते. न उगवलेली टिपरी उकरून उभी चिरा. आतून लाल-काळी पडली असेल, अननसासारखा वास येत असेल, तर तो अननस रोग. आपण मात्र म्हणतो, बेणंच खराब निघालं!

एकरी दोन डोळ्यांच्या 10 हजार टिपऱ्या धरा. चौथाई उगवल्या नाहीत तर अडीच हजार जागा रिकाम्या. पाणी, खत, खुरपणी यांचा खर्च तेवढाच, आणि त्या नांग्या खोडव्यातही तशाच राहतात.

उपाय अवघड नाही. नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणे मळ्यातलेच बेणे घ्या, खोडव्याचे नको. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपऱ्या 10 ते 15 मिनिटे बुडवा. सावलीत सुकल्यावर 100 लिटर पाण्यात 10 किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू कालवून त्यात 30 मिनिटे ठेवा. औषध आणि जिवाणू एकाच पिंपात ओतू नका. हातमोजे घाला, उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा पाटात सोडू नका.

हे कोणाला ठाऊक नाही? बहुतेकांना आहे. अडते कुठे, तर लागणीची टोळी उक्ते काम घेते, तिला पाऊण तास थांबायला सवड नसते, आणि मालक बांधावर नसतो. टोळीला बोल लावण्यात अर्थ नाही. पहाटेच घरच्या माणसांनी पहिला घाणा भिजवून ठेवला तर टोळीचा खोळंबा होत नाही.

गवताळ वाढीचा रोग मात्र पिंपातल्या औषधाने जात नाही. त्यासाठी बेण्याला 54 अंशांची दमट गरम हवा अडीच तास द्यावी लागते. ते यंत्र एकट्या सभासदाच्या आवाक्यातले नाही. ते काम कारखान्याचे, आणि मूलभूत बेणे तरी त्यातून काढल्याशिवाय वाटू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. येत्या वार्षिक सभेत ऊसदराबरोबर हाही प्रश्न सभासदांनी विचारावा. प्रत्येक गट ऑफिसात दोन टाक्या आणि जिवाणूंचा ताजा साठा लागणीआधी हवा, तोही मागून घ्यावा.