भरतीचे मैदान आणि श्रमाचे शास्त्र

मार्च २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील खंडव्यास वनरक्षकांच्या भरतीची जी कसोटी झाली, तीत चार तासांत सुमारे २५ किलोमीटरांची चाल मुदतीच्या आत पुरी करून आलेला एक सत्तावीस वर्षांचा उमेदवार कोसळला आणि मरण पावला. त्याच्या दहा वर्षे आधी, जून २०१४ मध्ये, मुंबईच्या पोलीसभरतीतील पाच किलोमीटरांच्या धावेनंतरही काही तरुण दगावले होते. प्रत्येक मृत्यूचे नेमके कारण सांगणे हे वैद्यकाचे काम. परंतु शरीरास पराकाष्ठेचे श्रम करावयास लावणाऱ्या सरकारने श्रमाच्या शास्त्राची दखल किती घ्यावी, हा प्रश्न सार्वजनिक आहे.

तुकईथडसारख्या, मेळघाटाला लागून असलेल्या गावांतील जी कोरकू आणि मराठी मुले नोकरीच्या आशेने पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांना खेळाडू कोणी म्हणत नाही, आणि म्हणूनच खेळाडू व सैनिक यांच्यासाठी सिद्ध झालेले ज्ञान आपल्याही हक्काचे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. वस्तुतः त्या ज्ञानाची खरी गरज पदकविजेत्यापेक्षा त्यांनाच अधिक, कारण त्यांच्यापाशी ना प्रशिक्षक असतो ना वैद्य.

हे ज्ञान महागडेही नाही. अमेरिकेतील पॅरिस आयलंड या लष्करी शिक्षणतळावर नवशिके जवान उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन यांचा एकत्रित भार मोजणारा निर्देशांक पुढे आणला, आणि त्यावरून कवाईत चालू ठेवावी की थांबवावी हे ठरू लागले. उन्हातील श्रमाला सरावण्यास देहाला साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात, हेही आता सर्वमान्य आहे. अमेरिकेतीलच फॅल्मथ येथील वार्षिक शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करण्यात आले, आणि त्यांतील एकही दगावला नाही.

आमच्या मुलुखात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही विचार करावा लागतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोलहून सुरू झाले. वाहक आढळला की भरतीतून वगळावा, असा सोपा हुकूम काढण्याचा मोह एखाद्या अधिकाऱ्यास होईल. पण अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८,००० कृष्णवर्णी जवानांचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात, जेथे पाणी, विसावा आणि क्रमशः सराव यांचे नियम सर्वांनाच लागू होते तेथे, वाहकांमध्ये मृत्यूचा धोका इतरांहून अधिक आढळला नाही. श्रमाने स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका तेवढा वाढलेला होता. माणूस वगळण्यापेक्षा व्यवस्था सुधारणे अधिक शास्त्रशुद्ध, हाच त्याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल की, जंगलात पहारा करणाऱ्यास कोण सावली धरणार आहे? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु पहारेकऱ्याला ऋतूशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो, तो उमेदवाराला एका सकाळी मिळत नाही. म्हणून भरतीच्या खात्याने कसोटी उन्हाळ्यात न ठेवता हिवाळ्यात ठेवावी, तारीख पुरेशी आधी जाहीर करावी, निर्देशांक मर्यादेपलीकडे गेल्यास ती तहकूब करण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी द्यावा, आणि शेवटच्या रेषेपाशी बर्फाच्या पाण्याचे टाके व ते वापरण्यास शिकलेला माणूस, यांची तजवीज करावी. एवढ्याने कसोटी सैल होत नाही. तिने उमेदवाराचा कस लागतो, जीव जात नाही.