कर कोणी द्यावा?

समाजांत देणारे आणि घेणारे असे दोन वर्ग असतात, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. कर भरणारे श्रीमंत ते देणारे, आणि सरकारी शाळा, सरकारी दवाखाना व रेशनचें धान्य यांवर विसंबणारे गरीब ते घेणारे. या समजुतींतूनच एक तक्रार नेहमीं ऐकूं येते कीं, ज्यानें बुद्धीनें व कष्टानें पैसा मिळविला, त्याच्याच खिशांत सरकारनें वारंवार हात कां घालावा? अशी तक्रार करणारे लोक दुष्ट असतात असें नव्हे. बहुधा ते सचोटीनें वागणारे, कष्टाळू गृहस्थ असतात. परंतु देणारा खरोखर कोण व घेणारा कोण, हें त्यांनीं नीट तपासून पाहिलेलें नसतें. ती तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. विद्यार्थिमित्रांनो, हा विषय तुम्हांस रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि थोड्याच वर्षांत तुमच्या हातांत पहिल्या वेतनाची पावती पडेल, आणि तुमच्या पालकांच्या हातांत ती दरमहा पडतच आहे.

सन १८८२ मध्यें विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. त्यांतील एक प्रमुख मुद्दा हिशेबाचा होता. सरकारी तिजोरींत येणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमांतून उभा राहतो. मात्र शिक्षणावर होणारा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलास गांवांत प्राथमिक शाळासुद्धां मिळत नाहीं, हें त्यांनीं सरकारच्या नजरेस आणून दिलें. म्हणजे ज्याला सर्वजण घेणारा समजत होते तो देणारा निघाला, आणि जे स्वतःस देणारे समजत होते ते घेणारे ठरले.

ही गोष्ट केवळ त्या काळापुरतीच खरी होती काय? ज्या काळीं मिठावर कर होता, त्या काळीं वाड्यांतल्या माणसास जितकें मीठ लागे, जवळजवळ तितकेंच झोपडींतल्या माणसासहि लागे. अर्थात् करहि दोघांस जवळजवळ सारखाच पडे. आज मिठाचा कर नाहीं. परंतु १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तु व सेवा कर सुरू झाला आहे, आणि तो साबणाच्या वडीच्या किंमतींत मिसळलेला असतो. दुकानदार ती वडी विकतांना गिऱ्हाइकाची मिळकत विचारीत नाहीं. शिवाय ज्याची सारी कमाई महिन्याच्या महिन्याला खर्ची पडते, त्याच्या बहुतेक कमाईस या ना त्या रूपानें कर लागतो. ज्याच्याजवळ निम्मी शिल्लक उरते, त्याची ती निम्मी या करापासून सुटते. प्राप्तिकर भरणारे लोक देशांत थोडे आहेत हें खरें. पण कर भरणारे लोक थोडे आहेत हें मात्र खरें नव्हे. अनुदानित शाळांतील शिक्षकांचें वेतन शासनाच्या अनुदानांतून होतें, आणि त्या अनुदानांत दगड फोडणाऱ्या बाईच्या साबणाच्या वडीचाहि वांटा असतो. आपण सर्वजण घेणारे आहोंत, ही जाणीव विचाराच्या आरंभीं असली पाहिजे.

आतां दुसरा आक्षेप पाहूं. ‘संधि सर्वांस सारखीच आहे, ज्यानें ती साधली तो वर आला,’ असें म्हणतात. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यांतील एका गरीब घरांत जन्मले. वडील वारल्यावर त्यांच्या थोरल्या बंधूंनीं आपलें शिक्षण सोडून नोकरी धरली आणि वेतनांतून पैसे पाठवून धाकट्या भावास शिकविलें. गोखल्यांची बुद्धि लोकोत्तर होती यांत शंका नाहीं. परंतु त्या बुद्धीस शाळेचें दार उघडें राहिलें तें एका भावाच्या त्यागामुळें, आणि तें उघडें ठेवण्यासाठीं तो भाऊ स्वतः दाराबाहेर राहिला. ज्या मुलांस असा भाऊ नव्हता, तीं कोठें गेलीं, हें इतिहासांत कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

पुढें याच गोखल्यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें विधेयक मांडलें. खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारनें सोसावा, एकतृतीयांश स्थानिक संस्थांनीं सोसावा, आणि जरूर तर त्यांनीं शिक्षणासाठीं पट्टी बसवावी, अशी त्यांची योजना होती. विरोधकांच्या मुद्द्यांत खर्चाचा मुद्दा ठळक होता. १९१२ सालीं तें विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनीं नामंजूर झालें. वास्तविक बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सर्व राज्यांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें होतें, आणि कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं तोच मार्ग धरला. एका संस्थानास जें साधलें तें सबंध साम्राज्यास साधण्यासारखें नव्हतें, असें कोण म्हणेल? पैसा नव्हता असें नाहीं. तो या कामीं खर्चावा, अशी इच्छा नव्हती. समाजांत संधि आकाशांतून पडत नाहीं. कोणीतरी तिचा खर्च सोसतो तेव्हांच ती निर्माण होते. तो खर्च एकट्या थोरल्या भावानें सोसावा, कीं ज्यास जसें सामर्थ्य तसा सर्वांनीं सोसावा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

या प्रश्नास आपल्याच राज्यानें एकदां मोठें सुंदर उत्तर दिलें होतें. १९७२ सालच्या भयंकर दुष्काळांत महाराष्ट्रानें रोजगार हमी योजना हातीं घेतली. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे हे तिचे जनक होत. जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्याला तें सरकारनें दिलेंच पाहिजे, हें तिचें तत्त्व. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते अशीं कामें तिच्यांतून झालीं. पुढें २००५ सालीं केंद्रानें ग्रामीण रोजगाराची हमी देणारा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचा हाच अनुभव डोळ्यांपुढें होता. या योजनेस पैसा कोठून आला? १९७५ सालीं राज्यानें व्यवसाय कर बसविला. त्याखेरीज बागायती जमीन, मोटारगाड्या वगैरेंवर जादा आकारणी केली, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घातली. मुंबईच्या कचेरींत पंख्याखालीं बसणाऱ्या माणसाच्या वेतनांतून कांहीं रुपये निघाले आणि दुष्काळी माळावर खडी फोडणाऱ्या माणसाच्या चुलीपर्यंत पोंचले. दोघांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नाहीं. पण एक राज्य म्हणजे काय, हें त्या रुपयांनीं दाखवून दिलें.

तोच व्यवसाय कर आज कोणत्या स्थितींत आहे, हें पालकांनीं आपल्या वेतनाच्या पावतीवर पाहावें. बहुतेकांस दरमहा २०० रुपये व फेब्रुवारींत ३०० रुपये कापलेले दिसतील; वर्षाची बेरीज २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें या करास वरची मर्यादा घातली आहे. आरंभीं ती वर्षास २५० रुपये होती. १९८८ सालीं ती २,५०० झाली आणि तेथेंच थांबली. याचा परिणाम असा कीं, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा कारकून वर्षास २,५०० रुपये देतो, आणि दरमहा १२ लाख रुपये मिळविणारा संचालकहि २,५०० रुपयेच देतो. गणित विद्यार्थ्यांनींच करावें. पहिल्याची ती सुमारें सहा दिवसांची कमाई होते. दुसऱ्याची, आठ तासांचा दिवस धरल्यास, अर्ध्या तासाची. संचालक प्राप्तिकर निराळा देतो हें मान्य. परंतु ज्या करानें एके काळीं श्रीमंत व गरीब यांमध्यें पूल बांधला, त्यानें आतां दोघांस एकाच मापानें मोजावें, हें न्यायाचें नव्हे.

मग श्रीमंतांकडून सारेंच काढून घ्यावें काय? तसाहि प्रयोग आपल्या देशानें करून पाहिला आहे. १९७३-७४ सालीं प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता; म्हणजे वरच्या पायरीवरील शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मिळविणाऱ्याच्या हातीं राहत. अशा दरानें तिजोरी भरत नाहीं, चोरवाटा मात्र रुंद होतात, असा इशारा न्यायमूर्ति वांच्छू यांच्या समितीनें १९७१ सालींच दिला होता. मृताच्या मालमत्तेवरील एस्टेट ड्यूटी नांवाचा कर १९५३ सालीं आला आणि १९८५ सालीं रद्द झाला. संपत्ति कर १९५७ सालीं आला आणि २०१५ सालीं रद्द झाला. उत्पन्न थोडें व वसुलीचा खटाटोप फार, हें कारण दोन्ही वेळां सांगण्यांत आलें. तें कारण खोटें नव्हतें. परंतु भांडें गळतें म्हणून पाणी भरणेंच सोडावें, हा कांहीं शहाणपणा नव्हे. भांड्यास डाग द्यावा लागतो.

भांडें सोडून दिल्याचा परिणाम डोळ्यांपुढें आहे. कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा अंदाज दिला आहे कीं, २०२२-२३ सालीं भारतांतील वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के व संपत्तीचा ४०.१ टक्के वांटा होता. कोणाच्या श्रीमंतीचा हेवा करावा म्हणून हे आंकडे दिलेले नाहींत. संपत्ति कष्टानें मिळवितां येते, तशी ती नुसत्या जन्मानेंहि मिळते. आणि जन्मानें मिळालेल्या संपत्तीविषयीं ‘मी कमावली’ हा युक्तिवाद लागूं पडत नाहीं. आणखी पाहा: २०२४ सालच्या अर्थसंकल्पानें शेअरांच्या दीर्घकालीन नफ्यावरील कर १२.५ टक्के ठरविला, तर वेतनावरील सर्वोच्च दर अधिभार सोडून ३० टक्के. स्वतः राबून मिळविलेल्या रुपयापेक्षां पैशानें मिळविलेला रुपया हलका सुटावा, हें कष्टाचा गौरव करणाऱ्या समाजास शोभत नाहीं.

यावर उपाय असाध्य नाहींत. व्यवसाय कराची मर्यादा उठवून तो मिळकतीच्या पायऱ्यांप्रमाणें चढता करावा आणि खालच्या पायरीवरील कारकुनास त्यांतून सोडवावें. फार मोठ्या वारशावर माफक कर असावा. मात्र राहतें घर, पोटापुरती शेती व मध्यम गृहस्थाची पुंजी यांस त्याचा स्पर्श होऊं नये. आणि येणारा पैसा प्रथम शाळेकडे व दवाखान्याकडे जावा. सरकार पैसा उधळतें, असा आक्षेप येथें कोणी घेईल. तो पुष्कळदां खराहि असतो; परंतु उधळपट्टीवर तोडगा म्हणजे हिशेब मागणें. कर न देणारा हिशेब मागूं शकत नाहीं, आणि साबणाच्या वडीवर कर देणाऱ्या बाईस तो मागण्याचा तितकाच हक्क आहे, जितका मोठ्या कारखानदारास.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं जण पुढें मोठी मिळकत करतील. ती अवश्य करा. दारिद्र्य हा कांहीं सद्गुण नव्हे. परंतु त्या दिवशीं कराची पावती पाहून कपाळास आठी पडूं लागली, तर आपल्या वर्गांतला जो सोबती हुशार असूनहि दहावीनंतर दिसेनासा झाला, त्याची आठवण करा. त्याला थोरला भाऊ नव्हता, किंवा तो स्वतःच कोणाचा तरी थोरला भाऊ होता. तुमच्या करांतून त्याच्या मुलास शाळा मिळावी, यांत दानधर्म नाहीं. तुमच्या शाळेसाठीं त्याच्या आईनें जें दिलें होतें, त्याची ती परतफेड आहे.