स्कोप काय त्याला?

इंजिनिअरिंगला आलो की एक शब्द आपल्या तोंडात कायमचा बसतो, तो म्हणजे स्कोप. ब्रँचला स्कोप, कोर्सला स्कोप, लँग्वेजला स्कोप. इथपर्यंत ठीक आहे. पण आता आपण खेळालाही हाच प्रश्न विचारतो. राजारामपुरीत आमच्या गल्लीतला एक मुलगा फुटबॉल एक नंबर खेळायचा. सेकंड इयरला त्याने बूट माळ्यावर टाकले. कारण? स्कोप नाही!

म्हणून आज अशा एका खेळाडूबद्दल लिहिते, जिच्या खेळाला आपल्या हिशोबाने झिरो स्कोप आहे. वाहबिझ भरूचा. पुण्याची पारशी मुलगी, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट, आणि भारताच्या महिला रग्बी संघाची कॅप्टन राहिलेली.

रग्बी म्हटलं की आपल्याला वाटतं, हा गोऱ्यांचा खेळ. पण सेव्हन्स बघा. एका बाजूला सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, आणि मैदान मात्र पूर्ण मोठं. बॉल हाताने पुढे टाकायचा नाही, मागेच पास द्यायचा, आणि बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायचं. सात जण आणि पकड! कबड्डी खेळणाऱ्या कोल्हापूरला हे वेगळं शिकवायला पाहिजे का? २०१६ पासून सेव्हन्स ऑलिंपिकमध्ये आहे.

वाहबिझ सेव्हन्स खेळली आणि पंधरा जणांचं रग्बीसुद्धा. २०१८ मध्ये आपल्या मुली पंधराच्या रग्बीत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळल्या, सिंगापूरला. कॅप्टन वाहबिझ. सामने हरलो. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिलात त्याच सिंगापूरला २१-१९ ने हरवलं. पंधराच्या रग्बीतला आपल्या मुलींचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. फक्त दोन पॉइंटचा फरक! कुठल्या पेपरात पहिल्या पानावर वाचल्याचं आठवतंय का कुणाला?

आता कुणी म्हणेल, परदेशात ठीक आहे, तिकडे स्कोप असतो. तर आयर्लंडचं ऐका. त्यांचा टेरी केनेडी २०२२ मध्ये सेव्हन्सचा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी त्यांच्या पुरुष संघाने सेव्हन्सच्या वर्ल्ड कपमध्ये ब्राँझ घेतलं. आणि मे २०२५ मध्ये त्यांच्या रग्बी युनियनने पुरुषांचा सेव्हन्स संघच बंद करायचं जाहीर केलं. खर्च परवडत नाही म्हणे. म्हणजे गेला स्कोप! उलट पुढच्याच महिन्यात आपल्या मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सेव्हन्सची. (पहिल्या वर्षी फक्त पुरुषांची, हे आहेच.) स्कोप असा येतो आणि जातो. त्याच्या भरवशावर कुणी खेळाडू होत नाही. लीग येण्याच्या कितीतरी आधीपासून मुलं-मुली चिखलात पडत होती, म्हणून लीग आली.

माझं म्हणणं असं नाही की डिग्री सोडा. वाहबिझने फिजिओथेरपीही केली आणि देशाचं नेतृत्वही केलं. दोन्ही होतं. पण त्यासाठी मधे कुणीतरी थोडं सरकून जागा द्यावी लागते. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा आपल्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकर सरांनी विचारलं असतं, "कुस्तीला स्कोप काय?" तर?

आज कुणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही. मागणं अगदी छोटं आहे. युनिव्हर्सिटीकडून खेळायला गेलेल्यांची टेस्ट परत घ्या. सबमिशनला आठ दिवस जास्त द्या. अटेन्डन्ससाठी त्यांना चार टेबलं फिरवू नका. फुकट मार्क कुणीच मागत नाही. आणि आपण पोरापोरींनी तरी एवढं करूया, की मॅच खेळून आलेल्याला आधी स्कोअर विचारायचा. स्कोप नंतर बघू!